आठ नंबरचे बूट

मला पाच नंबरची चप्पल लागते. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, तेव्हा नवऱ्याला हे ठाऊक नसण्याचा प्रश्नच नव्हता. तरी भाद्रपदातल्या एका संध्याकाळी मी नवा रायपूरच्या ऑफिसातून चौबे कॉलोनीतल्या घरी आले, तर टेबलावर माझ्यासाठी आणलेले नवे बूट होते आणि त्यांच्या तळव्यावर आठचा आकडा होता.

"हे कोणाचे?"

"तुह्येच. शंभर किलोमीटर चालाचं हाय तुले. पाय सुजतेत. मोठेच घ्या लागतेत."

"पाय सुजतेत का हत्तीचे होतेत?"

 त्यांनी बुटाची जीभ ओढून पाहिली, नाडी दातात धरून ताणली आणि वहीत काहीतरी लिहिलं. हे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात स्टोअरमध्ये होते. आयुष्यभर आलेला माल तपासायचा, पास झाला तर आत, नापास झाला तर परत, एवढंच काम. त्याआधीच्या माघात हृदयाचा झटका आला, स्टेंट टाकला, आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्यानंतर घरात तपासायला उरले होते मी आणि भाजीपाला.

आता नवसाचं सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

आमच्या माहेरी नवस बोलायची एक पद्धत आहे. ज्याच्या जिवासाठी नवस, त्याच्याच अंगावर तो टाकायचा. मला लहानपणी कावीळ झाली तेव्हा आईनं माझ्या वतीनं वर्षभर जिलेबी सोडली. ती स्वतः माझ्यासमोर बसून खायची. मी रडले की म्हणायची, "तुह्या जिवासाठी बोलली, माह्या नाही." ह्या पद्धतीवर मी जन्मभर हसले. पण हे अतिदक्षता विभागात डोळे मिटून पडले होते, मला पाच मिनिटांसाठी आत सोडलं होतं, आणि माझ्या तोंडून आईचीच रीत बाहेर पडली. डोंगरगडची बम्लेश्वरी आमच्याकडची जागती देवी. मी हात जोडून पुटपुटले, "माय, ह्यायले उठव. ह्यायच्याच पायानं, पायी पायी, तुह्या वरच्या दारात आणीन."

वरच्या दारात. डोंगरगडला देवीची दोन देवळं आहेत, एक खाली सपाटीवर आणि एक डोंगरावर. वर जायला हजाराच्या वर पायऱ्या आहेत. खालचं दार म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण त्या वेळी वाटलं, मोठं मागतोय तर मोठंच कबूल करावं.

चौथ्या दिवशी हे उठून बसले. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर हळूहळू चाला, पायऱ्या टाळा. मी घाबरले. ह्यांना पायी नेलं तर ह्यांच्या जिवाची भीती, आणि नाही नेलं तर देवीची. बरं, विचारायचं कोणाला? मग मी मधला रस्ता काढला. घरी सांगितलं की नवस माझ्या पायांचा आहे, आश्विनातल्या नवरात्रात मी एकटी पायी जाऊन येते. देवी समजून घेईल असं वाटत होतं. ती घेईल की नाही, ह्याची मात्र मला रोज नव्यानं शंका यायची.

हे ऐकून ह्यांनी एवढंच विचारलं, "सामान काय काय लागंल?" आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराचं स्टोअर झालं.

मी सकाळी आठला निघायची. तेलीबांध्याहून ऑफिसची बस मिळायची, नव्या राजधानीच्या त्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून पाऊण तास जायचा, आणि घरी यायला साडेसहा वाजायचे. रोज घरात काहीतरी तपासून पास झालेलं असायचं. बाटली उलटी टांगून रात्रभर गळते का पाहिली होती. चादर दोनदा धुऊन किती आटते ते मोजलं होतं. मोजे तीन तऱ्हेचे आणून त्यातले दोन नापास केले होते. "सुती मोजा घाम धरून ठेवते, मग फोड येतेत," असं मला समजावून झालं. फोड आलाच तर सुई-दोरा आरपार ओवून दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी निघून जातं, हेही समजावून झालं. ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून चमकणारी पट्टी शिवलेलं एक जाकीटही आलं. ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं.

"लांब हाय हे."

"पाऊस आला तं मांड्या ओल्या नाही होणार."

मग पाठीवरची सॅक आली. तिच्यात पाच किलो दुबराज तांदूळ भरून त्यांनी मला रविवारी तेलीबांध्याच्या तलावाला दोन चकरा मारायला लावल्या. लोक तिथे संध्याकाळी भुट्टा खात हवा खायला येतात, आणि मी तांदूळ घेऊन फिरत होते. पट्टे खांद्यावरून घसरत होते. मी म्हटलं, पट्टे आखूड करा. हे म्हणाले, पट्टे बरोबर आहेत, तुझी चालच वाकडी आहे. मी सॅक तिथेच कठड्यावर काढून ठेवली आणि ऑटोनं घरी आले. तांदूळ त्यांनी पाठीवर घेऊन आणले.

काठीनं तर कहर केला. बांबूची काठी, खाली लोखंडी टोक, आणि उंची माझ्या कानापर्यंत.

"मी काय महिषासुर मारायले जाऊन राहिली काय?"

"चढावावर उंच काठी लागते."

"सडकेवर कुठं चढाव हाय?"

"पुलावर हाय ना, थोडा."

मला खरंच काही कळेनासं झालं होतं. बाई आणि पुरुष ह्यांच्या मापांतला फरक हे विसरले की काय? झटक्यानंतर डोक्यावर परिणाम होतो असं कुठंतरी ऐकलं होतं. पुण्याहून लेकीचा फोन आला. तिला मराठी कळतं, पण बोलते हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, पापा दोपहर में फोन ही नहीं उठाते। कल उठाया तो हाँफ रहे थे।" घरात बसलेला माणूस धापा कशानं टाकतो? ह्यांना विचारलं तर म्हणाले, गच्चीवर पँट वाळली का पाहायला गेलो होतो. ती पँट किती तासांत वाळते ते तपासणं चालू होतं. पँटही माझी नव्हतीच, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही. एक धरलं की दुसरं निसटतं, असं माझं त्या महिन्यात चाललं होतं.

बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसायची. छत्तीसगढी, माझ्याच ऑफिसात शिपाई. दर वर्षी डोंगरगडला पायी जाणारी. तिला मी सामानाची यादी वाचून दाखवली. ती खिडकीबाहेर बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "दीदी, गमछा रख लो। बाकी रास्ते में पंडालवाले देते हैं। खाना, पानी, दवाई, पाँव भी दबा देते हैं।" मी म्हटलं, आणि बूट? ती म्हणाली, "बूट किसलिए? घर जा रहे हैं क्या किसी के?" म्हणजे काय ते मला आजही नीट समजलेलं नाही. घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, तिचं खरं आहे, पण तिचे पाय तपासलेले आहेत, आपले नाहीत.

आपले, म्हणाले. तेही माझ्या कानावरून गेलं.

नवरात्राला आठवडा उरला होता. दर वर्षीप्रमाणे घर झाडायला म्हणून मी सुट्टी घेतली आणि पलंगाखालून बुटांचा डबा ओढला. एकदाही न घातलेले माझे नवे बूट. उचलले तर तळव्याला चिखल होता, वाळलेला. उलटे केले. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेनं घासून तिरपी झाली होती.

ह्यांची डावी टाच. तीस वर्षं मी ह्यांच्या चपला शिवायला देत आले, दर वेळी तिथेच, त्याच कडेला. लग्नाच्या चपलेपासून.

मी तिथेच फरशीवर बसले. मग एकेक वस्तू ओढून समोर मांडली. जाकीट, काठी, सॅक, पँट. सगळं एकाच माणसाच्या मापाचं होतं, आणि तो माणूस भर दुपारी कुठंतरी फिरत होता.

मी घरी होते म्हणून भाजीच्या निमित्तानं जुन्या चपलेवरच गेलेले हे साडेबाराला आले. गळ्यात गमछा, चेहरा लाल. समोर मांडलेलं सामान पाहून दारातच थांबले. मी बूट पुढे केला.

"माह्ये पाय लई सुजले वाटते," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. खुर्चीवर बसून पाणी प्यायले.

"कुठपर्यंत जाऊन राहिले रोज?"

"आदी तलावापर्यंत. मंग दोन चकरा. आता पार शहराबाहेर बीरगावले जाऊन येतो. हळूच."

"काहून? मरायचं हाय काय? नवस माह्या पायाचा हाय, तुमचा नाही!"

मी ओरडत होते हे शेजारच्या खिडक्या उघडल्या तेव्हा कळलं. ते शांतपणे ग्लास पुसत राहिले.

"मले ऐकू येत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"दवाखान्यात. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं. ह्यायच्याच पायानं आणीन, म्हणाली तू." मग म्हणाले, "मनात म्हटलं, ही कबूल करून बसली. आता आपण नाही उठलो तं बिचारी देवीसमोर खोटी पडंल."

मला राग आला होता की रडू, ते सांगता येत नाही. दोन्ही एकदम आले असावेत. सात-आठ महिने मी ह्यांच्यापासून लपवत होते आणि हे माझ्यापासून, आणि दोघांच्या मधे ते बूट पलंगाखाली पडून होते. मी खूप बोलले. अडाणी म्हटलं, हट्टी म्हटलं, तुमच्याशिवाय मी ह्या घरात काय करू तेही म्हटलं. हे शेवटचं मी ह्यांना आधी कधी म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तपासलं, बीरगावचं ऐकून मला नव्हे, ह्यांना रागावले, आणि मग म्हणाले, सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, सावकाश, त्यापुढे एक पाऊल नाही. हे खूश झाले. त्यांनी लगेच हिशेब मांडला, तोही रेल्वेचा. रोज एवढंच चालायचं, जवळच्या स्टेशनवरून लोकल धरून घरी परत, आणि दुसऱ्या दिवशी लोकलनं तिथेच उतरून पुढे. रायपूरहून डोंगरगडपर्यंत सडक आणि रूळ जवळजवळ सोबतीनंच जातात. अशी यात्रा देवीला चालते का, रोज आपल्या पलंगावर झोपणारा यात्रेकरू कोणी पाहिला आहे का, हे मी विचारलं. ते म्हणाले, "पायाचं म्हटलं होतं तू. झोपेचं नव्हतं म्हटलं."

मी ऑफिसात रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी निघालो. मी पाच नंबरची जुनी चप्पल घातली. कुम्हारी, भिलाई, दुर्ग, एकेक स्टेशन मागे पडत गेलं. नवरात्र लागलं तसे सडकेला यात्रेकरूंसाठी पंडाल, म्हणजे मांडव, सुरू झाले. तिथली मंडळी हात धरून बसवायची, पुरी-भाजी वाढायची, नाही म्हटलं तर रागवायची. डॉक्टरांनी तेल बंद केलेल्या माणसाला मी पुऱ्यांपासून वाचवत डोंगरगडला नेलं. सॅकमधली एकही वस्तू लागली नाही. काठी मात्र लागली. हे थांबायचे तेव्हा तिच्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहायचे, आणि मी बाजूला उभी राहून ह्यांचा श्वास मोजायची.

अष्टमीला पोहोचलो. गर्दी, ढोल, नारळाचा वास. समोर खालचं देऊळ होतं आणि त्याच्या मागे डोंगर. हे मान वर करून पायऱ्यांकडे पाहत राहिले. बरोबरचे लोक आम्हाला ओलांडून वर चढत होते. ह्यांनी काठी उजव्या हातात घेतली आणि बुटाची नाडी बांधायला वाकले.

 इतके दिवस ह्या पायऱ्यांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही. आलं होतं, आणि मी त्याला रोज उद्यावर ढकललं होतं. वर न्यायला रोपवेचा पाळणा होता, पण नवस पायांचा होता. आणि वरच्या दाराचा होता. माझ्या तोंडचा शब्द होता, मला लख्ख आठवत होता.

"कुठं चालले?" मी म्हटलं.

"वर."

"वर काहून? मी तं खालच्याच दारात आणीन म्हटलं होतं."

देवीच्या दारात उभं राहून मी खोटं बोलले. जिनं तो शब्द ऐकला होता ती पन्नास पावलांवर होती, आणि दुसरा ज्यानं ऐकला होता तो माझ्यासमोर वाकलेला होता.  त्यांनी नाडी सोडली आणि सरळ होऊन माझ्याकडे पाहिलं.

"हव," ते म्हणाले. "मलेही तसंच ऐकू आलं होतं."

मग त्यांनी बूट काढले आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.