हातभर दुकान

आमच्या भावजींसारखा दुकानदार आख्ख्या सोलापुरात झाला न्हाय आन् होनार न्हाय. गिऱ्हाईकाला गोड बोलावं तर त्यांनी, भाव धरून बसावं तर त्यांनी, उधारीवाल्याला पानी पाजून रिकाम्या हातानं लावून द्यावं तर त्यांनीच. फकस्त दुकान तेवढं नव्हतं. भावजी म्हंजे माज्या मालकाचं धाकटं भाऊ. मालक गेले, लेक केम गावाला दिली, तवापासनं घरात आमी दोन म्हातारी. मी आत चुलीपाशी, ते भाईर व्हरांड्यात.

कुटलंबी काम करायचं तर आदी त्याचा सराव पायजे, ही त्यांची खोड. आजारी मानसाला बघायला जायचं तर आदी माज्याम्होरं उभं राहून तोंड पाडून बघायचे. इतकं पाडू का आनिक पाडू, इचारायचे. मी म्हनायची, तेवढं बास, निस्ता ताप आलाय त्याला. तरन्यापनी त्यांना वळसंगची पोरगी सांगून आली हुती. तर बघायला जायच्या आदी मलाच पोरगी करून पाटावर बसवलं, पदर घ्यायला लावला, नाव काय आन् सैपाक काय काय येतो ते इचारलं. मी सांगितलं, भाकरी येती. तर म्हनले, असं न्हाय वैनी, जरा लाजून सांगा. सासूबाई दारात कपाळ बडवत हुत्या. मनासारखा सराव हुईस्तोवर त्या पोरीचं दुसरीकडं लगीन झालं. आपली तयारी कमी पडली, म्हनले, आन् तसंच ऱ्हायले.

मी परकर नेसत हुते तवापासनं विड्या वळल्या. शाळेचं दार बघितलं, आतला फळा न्हाय. मालक गेल्यावरबी विड्यांवरच घर चाललं. आता बोटं ऐकत न्हाईत, पान दुमडाय गेलं की फाटतंय. कारखान्यातला बाबू माज्या निम्म्या विड्या बाजूला फेकायचा आन् म्हनायचा, म्हातारे, आता बास कर. बास करून खायाचं काय, ते त्यानं सांगितलं न्हाय. त्याच टायमाला भावजी ज्या शेठकडं मागावर कापड विनायचे, त्यानं माग भंगारात घातलं आन् भावजीबी घरी बसले. मंग एक दिस तेच म्हनले, वैनी, तुमी कडक भाकरी करा, शेंगाची चटनी कुटा, मी इकतो. मला पटलं. भाकरीला बोटं लागत न्हाईत, तळहात लागतो, आन् तळहात माजा अजून धड हाय. हुतं नव्हतं ते घालून ज्वारीचं पोतं आनलं. पातळ भाकरी थापायची, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून पापडासारखी करायची, पाकिटात भरायची. माजं काम चालू झालं.

भावजींचं झालं न्हाय. ते म्हनले, मागावर नवा ताना चढवला की आदी हातभर कापड विनून बघत्यात, धागा कुटं तुटतो ते कळतंय. दुकानबी आदी हातभर विनून बघायचं. व्हरांड्यात फळी टाकली, फळीवर पाकिटं मांडली, आन् गल्लीतल्या मानसांना गिऱ्हाईकाची कामं वाटून दिली. शेजारच्या रिक्षावाल्या मौलाला उधारी मागायचं काम. त्या गरिबानं जलमात कुनाकडं उधारी मागितली नव्हती. भावजींनी मान कशी खाली घालायची, डोकं कसं खाजवायचं, सगळं शिकवलं. "कल देतूं ना चाचा" असं म्हनायला तो इतका तयार झाला की आता आख्ख्या गल्लीत उधारी मागतो. कोपऱ्यावरच्या अक्काला भाव पाडायचं काम. अक्का चादरी शिवनारी, घरी तेलगू बोलनारी, पन भांडाय कुटलीबी भाषा चालती तिला. तिनं भाकरीला वाळकं कातडं म्हनलं, भावजींनी तिच्या चादरीला पोतं म्हनलं. भांडन मराठीत सुरू झालं, रंगात आलं तसं भावजी कानडीत गेले आन् अक्का तेलगूत. भावजींना तेलगू कळती, मागावरच्या जोडीदारानं शिकवली हुती, पन ती सगळी दमात घ्यायची तेलगू. शेवटाला भावजींनी टाळ्या वाजवल्या. लई छान केलं अक्का, उद्या परत या, म्हनले. अक्का करून दावत नव्हती, खरंच भांडत हुती. पंधरवडा बोलली न्हाय.

सराव झाला की पाकीट काडून घेऊन परत फळीवर. ह्या हातातनं त्या हातात फिरून भाकरीचा चुरा हुयाचा. तो आमी दोघं दुधात कालवून खायाचो आन् सकाळी मी नव्या थापायची. पोतं खाली चाललं हुतं. कवा उघडायचं, इचारलं की म्हनायचे, अजून धागा तुटतोय, वैनी.

एक दिस अनोळखी मानूस आला. दुधनीची गाडी धरायची हुती, लेकीला न्ह्यायला दोन पाकिटं पायजे हुती. भावजींना वाटलं, मौलानं नवा गडी धाडलाय. त्यानं पाकिटं उचलून नोट म्होरं केली तशी भावजींचं तोंड उतरलं.

"असं कुटं असतंय व्हय? आदी भाव तरी पाड की."

"कशाला पाडू? घ्या लवकर, गाडी हाय माजी."

"गाडीचं बरं सुचलं तुला. शिकशील, शिकशील."

आन् नोट त्याच्याच खिशात घातली, पाठीवर थाप मारली, हातातली पाकिटं काडून फळीवर ठिवली. त्यो मानूस भावजींना वरनं खाली बघत चालता झाला. मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठले. माजं गुडघं धावायचं न्हाईत, पन त्या दिवशी धावलं. कोपऱ्यावर गाठून पाकिटं दिली, पैसं घेतलं. मावशी, त्या बाबांना दवाखान्यात दावा, म्हनला. मी म्हनलं, दावते.

परत आले तर भाकरीचा कोळसा झाला हुता. पैसं फळीवर ठिवलं. भावजी बघत ऱ्हायले.

"खराच हुता व्हय त्यो?"

"व्हय."

मागाच्या खडखडाटात जलम गेलेला मानूस, बोलला की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायाचं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कदी ऐकला नव्हता.

"दुकान बुडालं तर तुमाला परत विड्यांला बसावं लागंल, वैनी. सरावात काय बुडत न्हाय."

मालक गेले तवा बुडाले न्हाय मी, भाकरीनं काय बुडनार. तोंडानं एवढंच म्हनलं की उद्या उघडायचं. ते मान हालवून आंघोळीला गेले, भर दुपारी.

सकाळी पाठीवर सॅक लावलेली एक पोरगी आली. पाकीट द्या आजोबा, म्हनली. इतक्या दिसांचं बोलनं, इतक्या भाषा, पन भावजींच्या तोंडातनं एक शबूद निघाला न्हाय. हात म्होरं करून पाकीट दिलं. तिनं पैसं ठिवलं आन् चालाय लागली. भावजी फळीला धरून उभं ऱ्हायले, ती कोपऱ्यावरनं वळंस्तोवर. वळल्यावरबी बघत हुते.

"गेली की वो, वैनी," म्हनले. "पाकीट घिऊन गेली."

"व्हय," मी म्हनलं, आन् म्होरचा गोळा हातात घेतला.