बाकाखाली राहिलेले बोंडू
काजूच्या पिकल्या बोंडूंचा वास आला की दवाखान्यातले ते बाक आठवते. नातवंडांनो, तुमच्यातली थोरली तेव्हा पाच वर्षांची होती, संधिवाताने गुडघे सुजलेले. शेजारी पार्से गावची एक आजी; तिच्या नातीलाही तोच आजार. दोघींचे रक्ताचे रिपोर्ट एकदमच आले. डोळ्यांना आतून सूज येण्याचा धोका सांगणारी खूण आमच्या थोरलीच्या रक्तात होती, तिच्या नातीच्या नव्हती. त्या आजीच्या हातातला कागद हिसकावून घ्यावासा वाटला मला. "देव पावलो गे बाये!" म्हणत तिने बोंडूंची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी ती मुद्दाम बाकाखाली सरकवून उठले. गाडीत थोरलीने विचारले, "आजी, बोंडू खंय?" "विसरले," मी म्हटले. दर तीन महिन्यांच्या तपासणीने तिचे डोळे सांभाळले. पण आपली आजी कधी काही विसरत नाही, हे तिला तेव्हाही ठाऊक होते.