प्रकाशाच्या जागी उजेड

आमच्या वाचनालयातला ‘शब्दपालट’ हा खेळ मला सुचलेला नाही. हे मी आजवर घरातसुद्धा बोललो नाही. गेल्या महिन्यात मिरजोळ्याहून पार्वतीबाई वारल्याचा निरोप आला, तेव्हा मी टेबलावर त्याच खेळाचे पुठ्ठे मांडत होतो...

ऐंशी सालानंतरची गोष्ट. दर शनिवारी दुपारी मी प्रौढ बायकांना वाचायला शिकवायचो. बाराखडीला त्या कंटाळायच्या, म्हणून पुठ्ठ्यांवर एकेक वाक्य लिहून आम्ही गोष्ट जुळवायचो; जिच्या हाती पुठ्ठा, तिनं तो मोठ्यानं वाचायचा. पार्वतीबाई काजूच्या कारखान्यातून थेट यायच्या. बोटं चिकानं काळी, आवाज खणखणीत. एकदा त्यांच्या वाट्याला आलं, ‘कंदिलाचा प्रकाश अंगणात पडला.’ त्यांनी वाचलं, “कंदिलाचा उजेड अंगणात पडला.”

“अंदाजानं ठोकू नका, पार्वतीबाई. नीट वाचा.”

“उजेड,” त्या पुन्हा म्हणाल्या. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी पुठ्ठा काढून घेतला, त्यांना परत मुळाक्षरांच्या रांगेत बसायला सांगितलं. तेव्हा शेजारच्या शेवंतीला राहवेना. “अवो मास्तर, प्रकाश म्हंजे तिचा घो! नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेल ती?”

म्हणजे शब्द त्यांना वाचता आला होता, कळलाही होता; म्हणून तर तो टाळता आला. बायका हसत होत्या त्या मला.

पार्वतीबाई जागच्या हलल्या नाहीत. दुसरा पुठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, “आता तुमी बदला बगू एक शबूद. अर्थ सांडायचा नाय.” त्यावर होतं, ‘समुद्राला भरती आली.’

“सागराला,” मी म्हणालो.

“त्यो सोपा! भरतीचं बोला.”

मी अडलो. वर्गात जो काय गलका झाला! पुढच्या शनिवारी कारखान्यातल्या आणखी बायका आल्या, त्या मुळी हा खेळ खेळायलाच.

वार्षिक समारंभात अध्यक्षांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? मी म्हणालो, “माझीच.” टाळ्या पडल्या. पार्वतीबाईंनीही वाजवल्या. निघताना मात्र दारात थांबल्या. “माझं नाव घेतलं नाय तुमी, मास्तर... मी काय तुमचा घो हाय?” आणि खळखळून हसल्या. पुढे त्यांनीच कितीतरी बायकांना वाचतं केलं. हा विषय परत काढला नाही. मीही नाही.

तो पुठ्ठा अजून पेटीत आहे, कडेला त्यांच्या बोटाचा काळा डाग. नवी बाई तो उचलते आणि ‘प्रकाश’ वाचून झाला की बाकीच्या ओरडतात, “उजेड!”

ज्या व्यासपीठावरून मी ‘माझीच’ म्हणालो, तिथूनच पार्वतीबाईंचं नाव घेणं माझ्याकडे बाकी आहे.