फोरमनचा बाजारभाव

नगरपालिकेत कुणाला किती पगार द्यायचा हे कोण ठरवतं, असं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, की एकदा ते मी ठरवलं होतं. आमटी वाढता वाढता. कोणत्या शहराची नगरपालिका ते सांगत नाही, अमिरातीतली होती एवढं पुरे. पाप माझं आहे, तिला कशाला त्यात ओढू?

नव्वदच्या दशकाचा मधला काळ. मी तिथे पर्सोनेल खात्यात क्लार्क होते. राहायचो अल मनखूलला. नवरा एका ट्रेडिंग कंपनीत, मुलगी पहिलीत. दर काही वर्षांनी आमच्या खात्यात सॅलरी सर्व्हे निघायचा. इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, ड्रायव्हर, फोरमन, अशा प्रत्येक हुद्द्याला बाहेरच्या कंपन्या काय देतात ते पत्र पाठवून विचारायचं आणि त्यावरून बाजारभाव काढायचा. आपला पगार त्याहून कमी असला तर वाढवायचा, जास्त असला तर गप्प बसायचं. पत्रं पाठवायची, उत्तरं गोळा करायची आणि तक्ता टाइप करायचा हे काम माझ्याकडे आलं. मला त्याचा कोण अभिमान! घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "आज शंभर माणसांचं नशीब टाइप केलं." तो म्हणायचा, "आधी कुकर लाव."

त्या शंभरांत एक होता ड्रेनेज विभागातला फोरमन, चिपळूणच्या बाजूचा. दिवसभर मॅनहोलपाशी उन्हात उभा राहणारा, पण ऑफिसात यायचा तो इस्त्रीचा शर्ट घालून. बायको आणि पाच वर्षांची मुलगी गावी. तेव्हा बायकामुलांना आणायचं तर व्हिसासाठी ठरावीक पगार लागायचा आणि याचा पगार नेमका थोडका कमी पडत होता.

"फक्त दोनशे दिरहम, वहिनी. म्हणजे आपले दोन हजार रुपये. या सर्व्हेत होईल ना?"

"होईल हो, भावोजी. इन्शाल्ला."

"मग मी शाळेची चौकशी करून ठेवतो," असं म्हणून तो गेला आणि खरंच दोन शाळांचे फॉर्म घेऊन आला. मी ते भरायला त्याला मदतही केली.

इतर हुद्द्यांची उत्तरं आली. फोरमनच्या रकान्यात मात्र खडखडाट. कंत्राटदार कंपन्या कशाला सांगतील, कुणाला किती देतो ते? एका कंपनीने कळवलं, बाकीच्यांनी पत्राला केराची टोपली दाखवली. फोन केले तर पलीकडचे अकाउंट्सवाले "मॅनेजर नही है" म्हणून ठेवून द्यायचे. आमचा मुदीर, म्हणजे साहेब, सुदानी होता, स्वभावाने गरीब, पण तारखेचा पक्का. म्हणाला, "निदान पाच कंपन्या पाहिजेत, सिस्टर. तुमचे लोक सगळीकडे आहेत, त्यांना विचारा. यल्ला, शनिवारी शीट टेबलावर."

आमचे लोक होतेच. नवऱ्याच्या तालुक्यातली मंडळी महिन्यातून एका शुक्रवारी मुसफ्फाच्या कारखान्यांच्या भागातून यायची, बर दुबईच्या देवळात दर्शन घ्यायची आणि मग आमच्याकडे जेवायला बसायची. त्यांतले चौघे चार वेगवेगळ्या कंपन्यांत फोरमन. त्या शुक्रवारी मी आमटीचं पातेलं हातात धरून विचारलं, "काय भावोजी, तुम्हाला कंपनी देते तरी किती?"

आता आमच्या लोकांची एक रीत सांगायला हवी. आखातातला माणूस गाववाल्यासमोर खरा पगार कधी सांगत नाही. सांगितला की तो आकडा मनीऑर्डरीच्या आधी गावी पोचतो. मग देवळाच्या सभामंडपाची वर्गणी येते, चुलत मेव्हणीचं लग्न येतं, कुणाच्या तरी पोराला व्हिसा काढून द्या असं येतं. म्हणून विचारलं की कमीच सांगायचं आणि वर "काय राहिलं नाही गल्फमध्ये" असा सुस्कारा टाकायचा. माझा नवरा तेच करायचा. मीही करायचे. सासूबाई हयात होत्या तोवर त्यांना माझ्या पगाराचा खरा आकडा कळला नाही.

चौघांनी आकडे सांगितले. पहिल्याने सांगितला, दुसरा त्याच्यापेक्षा पन्नासने खाली उतरला, तिसऱ्याने सुस्कारा टाकला. चौथा तर म्हणाला, "आमचं कसलं, वहिनी, खलास आहे सगळं." त्याच चौथ्याने गावी स्लॅबचं दुमजली घर बांधायला काढलं होतं. खोटं मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. मला लगेच कळलं. ते कसं बोलतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

तरी शनिवारी सकाळी मी ते चार आकडे त्या चार कंपन्यांच्या नावापुढे टाइप केले आणि शेजारी लिहिलं, "फोनवरून मिळालेली माहिती." मला काम संपवायचं होतं. मुदीर माझी पाठ थोपटणार होता. दुसरं कारण नाही. शोधलं असतं तर एखादं सोज्ज्वळ कारण सापडलं असतं, पण आता या वयात कशाला स्वतःला फसवू?

महिन्याभराने नोटीस बोर्डावर परिपत्रक लागलं. ड्राफ्ट्समनला वाढ, ड्रायव्हरला वाढ. फोरमनचा पगार बाजारभावापेक्षा जास्तच असल्याने त्यात बदल नाही.

ड्रेनेजचा फोरमन माझ्या टेबलाशी आला. चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, एक सल्ला द्या. मुसफ्फाच्या एका कंपनीतून बोलावणं आलंय. तीनशे जास्त देतो म्हणतात. पण आपल्या कागदावर तर लिहिलंय की बाहेर कमीच मिळतं. म्हणजे हे लोक तोंडी सांगतात आणि नंतर फसवतात, असंच ना? तुम्ही सर्व्हे केलाय, तुम्हाला खरं माहीत."

एक वाक्य पुरलं असतं. "भावोजी, तो आकडा खोटा आहे, तुम्ही जा." पण मग त्याने विचारलं असतं, कशावरून. मग ते मुदीरच्या कानावर गेलं असतं आणि माझी नोकरी गेली असती. गेली असती तर आम्ही काही उपाशी मेलो नसतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर होते. फार तर मनखूलचं घर सोडून लांब कुठेतरी लहान जागा घ्यावी लागली असती. एवढंच.

मी म्हणाले, "सर्व्हेत तर असंच आलंय."

"बस, हेच हवं होतं," तो म्हणाला आणि त्याने तिकडे नकार कळवला.

पुढचा सर्व्हे व्हायला सहा वर्षं गेली. त्या वेळी मी कंपन्यांकडून लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह आकडे आणवले. एका कंपनीच्या दारात दोन तास बसले. नवे साहेब मला म्हणाले, फोरमनच्या एका रकान्यासाठी इतकं काय? मी म्हटलं, नियम आहे. वाढ झाली. तो पेढे घेऊन आला. मी एक उचलला आणि तो ड्रॉवरमध्येच वाळला.

बायको आणि मुलगी आल्या तेव्हा मुलगी अकरा-बारा वर्षांची होती. शेअरिंगच्या फ्लॅटमध्ये एक खोली घेतली होती त्याने. आम्हाला जेवायला बोलावलं. त्याने स्वतः सुरमई तळली होती आणि सगळ्यांत मोठा तुकडा मुलीच्या ताटात वाढला. "हिला मासे म्हणजे जीव की प्राण," तो आम्हाला सांगत होता. मुलगी खाली मान घालून बसली. मग तिने एक घास तोंडात घातला आणि पाणी प्यायली. माझी मुलगी तिच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अंकल, शी डझन्ट ईट फिश. शी टोल्ड मी."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "दीड वर्ष झालं की सोडून, तुम्ही गेल्या सुट्टीवरून परतलात त्यानंतर. काटा लागला होता घशात, दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तुम्हाला उगाच काळजी नको म्हणून फोनवर नाही बोलले."

त्याने तो तुकडा आपल्या ताटात घेतला आणि मुलीला वरण वाढलं. मग त्यालाच आमचं अवघडलेपण जाणवलं असावं. तो हसून बायकोला म्हणाला, "या वहिनी होत्या म्हणून बरं हं. मधे मी नोकरी सोडून मुसफ्फाला निघालो होतो. यांनी तेव्हा खरं काय ते सांगितलं म्हणून थांबलो. नाहीतर फसलो असतो, तुम्ही इथे आलाच नसता."

आता सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात त्याची बायको उठली. तिने गावाहून बॅगेत आणलेला खण आणि नारळ काढला, मला पाटावर बसवलं आणि कुंकू लावलं. म्हणाली, "ताई, तुमचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही."

मी पदर पुढे केला आणि ओटी भरून घेतली.