बाराव्या होलवर उचललेला चेंडू

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितली नाही. लखनौचा विषय निघाला की मी तो बदलायचो. आता वयाची ऐंशी उलटली आहे, म्हणून लिहून टाकतो.

नव्वदच्या दशकात मी तिथे बँकेत होतो. रविवारी गोल्फ खेळायचो, क्लबच्या समितीचा सचिवही होतो. माझे जोडीदार जानकीपुरमला राहणारे एक मराठी शास्त्रज्ञ. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत.

थंडीत दवाने मैदान ओलं असलं की चेंडू उचलून, पुसून परत ठेवायची सवलत असे. त्या फेब्रुवारीत ऊन पडू लागलं आणि समितीने ती बंद केली. फळ्यावरच्या नोटिशीखाली सही माझीच. चार दिवसांनी स्पर्धा होती. बाराव्या होलवर डॉक्टरांच्या चेंडूला माती लागली.

"उचलू ना?"

"उचला की. त्यात विचारायचं काय?" मी म्हणालो. नोटीस साफ विसरलो होतो. त्यांनी खिशातल्या रुमालाने चेंडू पुसून परत ठेवला.

फटके लिहिलेली कार्डं जमा झाली. डॉक्टर एका फटक्याने पहिले येत होते, आयुष्यात प्रथमच. बक्षीस बघायला वहिनी, म्हणजे त्यांची बायको, तिथल्या शेअर-रिक्षासारख्या टेंपोने आल्या होत्या. तेवढ्यात आमच्या मागच्या गटातले एक निवृत्त फौजी चहा पिता पिता म्हणाले, "डॉक्टर साहब, रूमाल तो आपने बड़े मौके से निकाला।" काहीजण हसले. मला नोटीस आठवली.

नियम असा, की दंडाचा फटका न धरता कार्डावर सही केली तर खेळाडू बाद. पण समितीच्याच माणसाने उचलायला सांगितलं असेल, तर दंडच नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. क्लबच्या कॅप्टनने मला विचारलं, मी तर सोबतच होतो, काय पाहिलं?

"मेरा ध्यान नहीं था," मी म्हणालो.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगतील. ते एवढंच म्हणाले, "गेंद मैंने उठाई थी।"

त्यांचं नाव यादीतून मीच खोडलं. वहिनींना घेऊन ते गेले, ते परत मैदानावर आले नाहीत. पुढे क्लबात कुणी रुमाल काढला की "डॉक्टर मत बनो यार" अशी थट्टा चालायची. मीही हसायचो.

वर्षभराने ते निशातगंजला भाजी घेताना भेटले. काय बोलायचं ते मी कितीदा मनात घोळवलं होतं. पण त्यांनीच आधी विचारलं, "गुडघा काय म्हणतोय तुमचा?" मी गुडघ्याबद्दलच बोलत राहिलो. ते "बरंय, येतो" म्हणून निघाले. मग नागपूरला परतले आणि तिथेच गेले.

बोलायचं होतं ते फार नव्हतं. डॉक्टर, उचला असं मीच म्हणालो होतो. लबाडी तुमची नव्हती, माझी होती. मला माफ करा.