चारपेडी वेणी

जुईला मांडीवर घेऊन मी पलंगावर भिंतीला टेकते. तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते पाहते. दुपार पापण्यांवर उतरते. शेजारी पुस्तक, अजून न शिवलेलं, आणि शिवायला मेण लावलेला दोरा. उद्या तिचा पहिला वाढदिवस. बायकांच्या मासिकांतली चित्रं कापून मीच केलंय. प्रत्येक पान मधोमध कापलेलं, वर डोकी, खाली हात. पान उलटलं की डोकं बदलतं. तेलाच्या जाहिरातीतल्या वेणी घालणाऱ्या हातांवर मोटारसायकलवाल्याची मिशी येते.

"ते पान काढ," सकाळी सासूबाई म्हणाल्या. "पाहुणे हसतील."

कात्री हाताशीच आहे.

उठते तर स्वयंपाकघर मासिकातलं. ओट्यावर एक डाग नाही. स्टुलावर सासरे, अप्पा, एसटीच्या खाकी कपड्यांत. जुई व्हायच्या आधीच गेलेले.

"सूनबाई, काढ गं ते पान."

"तुम्हीसुद्धा, अप्पा?"

"मिशी माझ्यासारखी दिसते."

"मग? आई सूतगिरणीत पहिल्या पाळीला जायच्या, तेव्हा वन्संच्या वेण्या कोण घालायचं?"

"हळू बोल. दार लावून घालायचो मी."

मी फ्रिज उघडते. आत डेपो आहे. बाकांवर ड्रायव्हर-कंडक्टर मासिकं चाळतायत. प्रत्येक मुखपृष्ठावर मी, हसरी, आणि खाली ठळक अक्षरं : बाळ रडतंय? आई, तुझं काय चुकतं?

तरी मी दार लावत नाही.

"इथे बसा, अप्पा. सगळ्यांसमोर."

"हसतील गं."

"हसू देत. पान राहणार. उद्या पहिलं तेच उघडणार."

"काय घोरपडे, वेणीफणी का?" बाकावरून कुणीतरी खिदळतो.

अप्पा मान वर करतात. "ये, तुझ्या टकलावर पण घालतो!"

डेपोभर हशा. अप्पाही हसतायत. मग माझ्या हातातलं पुस्तक घेऊन डोळ्यांजवळ नेतात.

"ही तीनपेडी? शाळेत पोचेस्तोवर सुटेल. दोरा दे इकडे."

जुई रडते. मी जागी होते. कात्री पलंगाखाली पडलीय.

मला तीनपेडीच येते. पुस्तकाच्या पाठीवर मेण लावलेला दोरा चार पेडांत गुंफलाय, घट्ट, आणि टोकाला शाळेच्या रिबिनीसारखं फूल.

रडणं ऐकून सासूबाई आत येतात. त्यांचं बोट त्या गुंफणीवरून फिरतं, फुलापाशी थांबतं.

"ही कुणी घातली?"

"आहे आत," मी म्हणते, आणि ते पान उघडून त्यांच्यासमोर धरते.