एकोणिसावा फेरा

गारखेड्यात पाणी सोडणाऱ्या माणसाला लोक देवासारखं मानतात. म्हणजे आठ दिवसांतून एकदा आठवण काढतात आणि मनासारखं झालं नाही की तोंडावर बोलतात. सांडू हा असा देव गेली सव्वीस वर्षं सायकलवर फिरत होता. मूळचा देवगाव रंगारीचा, राहायला मुकुंदवाडीत. छातीएवढी उंच लोखंडी चावी सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलेली. कुठल्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत उघडतो, हे त्याला तोंडपाठ. शाळेजवळचा बावीस, पिंपळाखालचा चौदा, सहाव्या गल्लीचा अठरा. स्वतःच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मात्र बायकोला विचारावं लागायचं.

त्या मंगळवारी सव्वासात वाजता सहाव्या गल्लीच्या खड्ड्यात त्यानं चावी घातली, जोर लावला आणि चावी जागची हलली नाही.

दोष कोणाचा ते सांडूला ठाऊक होतं. मागल्या पाळीला पाचव्या गल्लीचे व्यंकटराव, निवृत्त हेडक्लार्क, कमरेवर हात ठेवून त्याच्या डोक्यावर उभे राहिले होते. "सांडू, तुझा व्हॉल्व्ह गळतो. सहावी गल्ली आठवडाभर थेंब थेंब गोळा करते. त्यात तुझाही हिस्सा असेल, नाही का?" बोलायचं होतं ते सगळं सांडूनं चावीत घातलं. अठरा फेरे झाले, वर एकोणिसावा. आत लोखंड करकरलं होतं.

आता आठ वाजेपर्यंतचीच पाळी. आठला टाकीचं पाणी दुसऱ्या भागाकडं वळायचं. मग सहाव्या गल्लीला पुढच्या मंगळवारपर्यंत राम राम.

आणि गल्लीनं तर रिवाजाप्रमाणं सकाळी सहालाच ड्रम पालथे घातले होते. आठ दिवस जे पाणी पाहुण्यालासुद्धा अर्धा पेला दिलं जायचं, ते पाळीच्या सकाळी एकदम 'शिळं' व्हायचं. त्या पाण्यानं ओटे धुतले, गाड्या धुतल्या, उरलं ते रस्त्यावर ओतलं. रस्ता अजून ओला होता आणि ड्रम कोरडे होते.

"काय रे, झोपलास का खड्ड्यात?" पहिल्या घरातले नानासाहेब आले. गावाकडं चाळीस एकर आणि इथं नळाचं पाणी खेचायची गल्लीतली सगळ्यात मोठी मोटार. "दांड्यात पाइप घाला. चार जण लावू जोर."

"नाय साहेब. आतला रॉड तुटला तर आठ दिवस नाय, महिना जाईल."

"मग तू बघत बस!"

सात वीस झाले. खड्ड्याभोवती बादल्या, हंडे आणि माणसं. सांडूनं हातोडीनं चारी बाजूंनी हलकं ठोकून पाहिलं. काही नाही. मग मान वर करून म्हणाला, "उकळतं पाणी द्या कोणी. दोन कळश्या. लोखंड तापलं तर सुटंल."

सगळी गल्ली एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली.

"जार आहे अर्धा," नानासाहेबांच्या घरच्या दमयंतीबाई चाचरत म्हणाल्या, "पण तो प्यायचा आहे."

"माझ्याकडं हाय," मागून आवाज आला. "शिळं चालंल का?"

ही आशाबाई. गल्लीच्या शेवटच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायची, चार घरी पोळ्या करायची. पाळीच्या दिवशी तिनं पाणी कधी ओतलं नाही. "आशाबाई, पाण्याचं लोणचं घालतेस का गं?" असं दमयंतीबाईंनीच मागं विचारलं होतं. आज त्या पदराचं टोक बघत राहिल्या.

ड्रमच्या तळाशी तीनच कळश्या होत्या. त्यातल्या दोन आशाबाईनं गॅसवर चढवल्या. दोन पातेली खड्ड्याशी आली तेव्हा सात बेचाळीस झाले होते. सांडू हळूच म्हणाला, "ताई, मागल्या पाळीला म्याच जास्तीचा आवळला व्हता."

"व्हय का? मंग चटके तुमीच खा. धरा पातेलं."

वाफ उसळली. बोटं भाजली. हातोडी, पाणी, पुन्हा हातोडी. दुसरं पातेलं संपत आलं आणि चावी केसभर सरकली. मग पाव फेरा. मग एक.

एका फेऱ्यावर सांडू थांबला. घरोघरी मोटारी घुमायला लागल्या होत्या. दहा मिनिटांचं पाणी, त्यावर वीस मोटारी. शेवटच्या घरी नुसती हवा जाणार होती. आणि त्या घरात आता एकच कळशी होती.

"मोटारी बंद करा," तो म्हणाला.

"अरे, आधी उघड! सात पन्नास झाले!"

"आधी आशाताईचा ड्रम. मंग तुमच्या मोटारी."

"तू कोण ठरवणार?" नानासाहेबांचा आवाज चढला.

"चावी माझ्या हातात हाय साहेब. पाहिजे तर उलटी फिरवतो."

आणि त्यानं खरंच अर्धा फेरा मागं घेतला. बायका ओरडल्या. कोणी म्हणालं, ह्याची तक्रार करा. कोणी म्हणालं, तक्रार नंतर, आधी बटण बंद कर! एकेक घुमणं थांबत गेलं. शेवटी एकच मोटार राहिली. नानासाहेब हलेनात. सात बावन्न. दमयंतीबाई तरातरा घरात गेल्या, मोटारीची पिन उपटली आणि वायरीसकट ती हातात घेऊन दारात आल्या. "ही घ्या! आता उघडा बाबा एकदाचं!"

सांडूनं अठरा फेरे एका दमात फिरवले. गल्लीच्या टोकाला नळ खोकला, गंजाचं लाल पाणी थुंकला आणि मग धार धरली. पाच मिनिटं सबंध गल्ली दुसऱ्याच्या नळाचा आवाज ऐकत उभी होती. "झाला!" असं आशाबाई तिकडून ओरडली, तशा वीस मोटारी एकदम घुमल्या. तीन मिनिटांत ज्याला जे मिळालं ते मिळालं. नानासाहेबांचा निम्मा ड्रम भरला.

आठला सांडू व्हॉल्व्ह बंद करायला वाकला. कुंपणापलीकडून व्यंकटरावांचा आवाज आला, "सांडू, नीट आवळ रे! गळतो तो!"

सोळा, सतरा, अठरा. भाजलेल्या बोटांना दांडा झोंबत होता. खाली पाणी बारीक सुरसुरत होतं, सहाव्या गल्लीकडं.

"आवळला की साहेब," सांडू म्हणाला, आणि चावी वर ओढून त्यानं खड्ड्यावर झाकण सरकवलं.